ठणठणीत मुलाला घरी का बसवता?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. मी अमेरिकेतल्या एका शाळेत नर्स आहे, आणि कांजिण्यांची साथ आली की हा प्रश्न मला शाळेच्या फोनवर येतो, किराणा दुकानात येतो, मंडळाच्या कार्यक्रमात जेवणाच्या रांगेतही येतो. शब्दही जवळजवळ तेच असतात: "अहो ताई, ज्याला कांजिण्या झाल्या तो मुलगा आठवड्याभरात शाळेत परत आला. आमच्याला काहीही झालेलं नाही, तरी तीन आठवडे घरी. हा कुठला न्याय?" रांगेत उभ्याउभ्या याचं उत्तर देता येत नाही. नियम असा: साथ आली की ज्याने लस घेतलेली नाही आणि ज्याला कांजिण्याही होऊन गेलेल्या नाहीत, त्याने २१ दिवस शाळेत यायचं नाही.

विषाणू अंगात शिरल्यापासून पुरळ उठेपर्यंत १० ते २१ दिवस जातात. बहुतेक मुलांचे १४ ते १६. आणि पुरळ दिसायच्या एक-दोन दिवस आधीपासूनच मूल दुसऱ्यांना लागण देऊ लागतं. सगळा नियम या एक-दोन दिवसांसाठी आहे. आजारी मूल केव्हा परत घ्यायचं हे मला डोळ्यांनी ठरवता येतं. केसांत, कानामागे, काखेत बघायचं, कारण तिथले फोड उशिरा सुकतात. सगळ्यांवर खपली धरली की मूल वर्गात. याला साधारण ५ ते ७ दिवस लागतात. लस न घेतलेल्या आणि कांजिण्या होऊन न गेलेल्या मुलाकडे मात्र कितीही निरखून पाहिलं तरी काही कळत नाही. सोमवारी ते हसत-खेळत शाळेत येईल, बुधवारी त्याच्या पाठीवर पुरळ उठेल, आणि सोमवार-मंगळवारी त्याच्या शेजारी कोण कोण बसलं होतं ते आपण नंतर शोधत बसू. आपल्याकडे दाराला कडुलिंबाचा डहाळा बांधून आजारी मूल वेगळं ठेवायचे. इथे निरोगी मूल वेगळं ठेवतात, म्हणून ते मनाला पटत नाही, हे मी समजू शकते.

खरा संताप होतो तो तारखांवरून. हे २१ दिवस तुमच्या मुलाच्या शेवटच्या शाळेच्या दिवसापासून मोजत नाहीत, साथीतल्या शेवटच्या रुग्णाला पुरळ उठलं त्या दिवसापासून मोजतात. समजा ३ मार्चला एका वर्गात तिघांना पुरळ उठलं. बऱ्याच ठिकाणी एकमेकांशी संबंध आलेले तीन रुग्ण झाले की साथ मानतात. काही ठिकाणी एका रुग्णावरही बंदी येते. पहिल्या पत्रात तारीख येते २४ मार्च. आई-बाप सुट्ट्या जुळवतात, आजीला बोलावून घेतात. १७ मार्चला चौथ्या मुलाला पुरळ, की नवी तारीख ७ एप्रिल. १ एप्रिलला पाचवं मूल, की २२ एप्रिल. तीन आठवड्यांचे सात होतात, आणि त्यात तुमच्या मुलाचा काडीचा दोष नसतो. शाळांनी पहिल्याच पत्रात हे ठळक लिहायला हवं. बहुतेक पत्रांत "या तारखेपर्यंत" एवढंच असतं आणि ती तारीख पुढे सरकू शकते हे खाली बारीक अक्षरांत, यावरची तुमची तक्रार मला शंभर टक्के मान्य आहे.

यातून सुटायचा रस्ता म्हणजे लस. आयुष्यातला पहिला डोस साथीत घेतला तरी बहुतेक ठिकाणी मूल लगेच वर्गात येऊ शकतं. संपर्क झाल्यापासून तीन दिवसांत, फार तर पाच दिवसांत, लस दिली तर आजार टळू शकतो किंवा सौम्य होतो. तुम्ही विचारता, "पत्र पोचेपर्यंतच पाच दिवस जातात, मग आठव्या दिवशी टोचून नवव्या दिवशी आलेलं मूल सुरक्षित कसं?" पूर्ण सुरक्षित नसतं. पुढच्या लाटेसाठी त्याला संरक्षण मिळतं, या लाटेसाठी कदाचित नाही. तरी नियम त्याला आत घेतो. म्हणजे या नियमात थोडा दबाव आहे: टोचून घ्या, मूल वर्गात बसवा. तो नाही असं मी म्हणणार नाही.

मात्र आपल्या लोकांची मुलं ज्या कारणांनी अडकतात ती वेगळीच आहेत. लशीला विरोध असणारं मराठी घर विरळा. भारताच्या सरकारी लसीकरण कार्यक्रमात कांजिण्यांची लस नाही. बालरोगतज्ज्ञांची संघटना दोन डोस सुचवते, पण ते खासगी दवाखान्यात, पदरचे पैसे मोजून. त्यामुळे "सगळ्या लशी दिल्यात" असं आई अगदी खरं सांगते, सरकारी कार्डावरचे सगळे रकाने भरलेलेही असतात, आणि कांजिण्यांचा रकानाच तिथे नसतो. ज्यांनी खासगीत लस दिली त्यांच्या फाइलमध्ये डॉक्टरांनी बाटलीवरचं व्हॅरिलरिक्स किंवा व्हॅरिव्हॅक्सचं लेबल चिकटवलेलं असतं आणि खाली तारीख, आपल्या पद्धतीने. मुलाचा जन्म २ जून २०१८ चा, लेबलाखाली ०५/०७/१९. आपण वाचतो ५ जुलै. इथला कारकून वाचतो ७ मे, म्हणजे पहिल्या वाढदिवसाआधी, म्हणजे डोस बाद. चांगली लस मिळालेलं मूल निव्वळ तारखेच्या उलटापालटीने घरी बसतं. भारतातून निघण्याआधी डॉक्टरांकडून महिना अक्षरांत लिहून घ्या, सही-शिक्क्यासह.

दुसरा खड्डा याहून खोल. गोवर-गालगुंड-रुबेलाची लस आणि कांजिण्यांची लस, दोन्ही जिवंत विषाणूच्या. त्या एकाच दिवशी दिल्या तर चालतं. वेगवेगळ्या दिवशी दिल्या तर मधे किमान २८ दिवस लागतात. नव्याने आलेल्या मुलाला प्रवेशासाठी गोवराची लस टोचतात, दोन आठवड्यांनी शाळेत कांजिण्यांची साथ येते, आई धावत जाऊन कांजिण्यांचीही टोचून आणते, आणि तो डोस मोजला जात नाही. पुन्हा २८ दिवस थांबून पुन्हा टोचायची. म्हणून प्रवेशाच्या वेळी डॉक्टरांना सांगा, दोन्ही एकाच दिवशी द्या, एक या दंडात एक त्या दंडात. कांजिण्यांच्याच दोन डोसांमधलं अंतर १३ वर्षांखालच्या मुलांना तीन महिने ठेवतात. २८ दिवसांनी दिलेला असला तरी तो ग्राह्य धरतात, त्यामुळे साथीत दुसऱ्या डोससाठी ताटकळायची गरज नसते.

"लहानपणी येऊन गेल्यात" या वाक्याने फार ठिकाणी काम होत नाही. डॉक्टरांचं लेखी निदान लागतं किंवा रक्ततपासणीत प्रतिपिंडं (अँटीबॉडीज) दिसावी लागतात. आजार होऊन गेलेल्यांत ही तपासणी भरवशाची आहे. लशीने आलेली कमी प्रतिपिंडं मात्र नेहमीच्या चाचण्यांतून निसटतात. म्हणून दोन डोसांची नोंद हातात असेल तर रक्त तपासायला जाऊच नका. उत्तर नकारार्थी आलं की विनाकारण गोंधळ होतो.

आणि घरातल्या मोठ्यांचं काय? १९८० पूर्वी अमेरिकेत जन्मलेल्यांना सर्वसाधारणपणे प्रतिकारशक्ती आहे असं धरतात. आपल्याला ती सूट लागू नाही. उष्ण प्रदेशांत कांजिण्या बऱ्याचदा मोठेपणी होतात, त्यामुळे भारतात वाढलेल्या तरुण आई-बापांत आजार न झालेले कितीतरी असतात. मोठ्या वयात न्यूमोनियाचा धोका वाढतो. घरात कुणी गरोदर असेल तर शाळेच्या पत्राची वाट न बघता तिच्या डॉक्टरांना फोन करा: तिला ही लस देता येत नाही, पण संपर्क झाल्यापासून दहा दिवसांच्या आत प्रतिपिंडांचं इंजेक्शन देता येतं.

आता केंटकी राज्यातला खटला. तुमच्यापैकी बरेच जण "तो कोर्टात गेलेला मुलगा" म्हणून त्याचा दाखला देता, दोन्ही बाजूंनी.

२०१९ च्या सुरुवातीला केंटकी राज्याच्या उत्तरेला, वॉल्टन नावाच्या गावातल्या एका छोट्या कॅथलिक शाळेत साथ आली. ३२ मुलं आजारी पडली. नॉर्दर्न केंटकी आरोग्य विभागाने आधी फेब्रुवारीत दुसऱ्या शाळांबरोबरचे सामने आणि कार्यक्रम थांबवले. १४ मार्चला आदेश काढला की ज्यांच्याकडे लशीचा किंवा प्रतिकारशक्तीचा पुरावा नाही त्यांनी शेवटच्या रुग्णाच्या पुरळापासून २१ दिवस शाळेत यायचं नाही. बारावीतला १८ वर्षांचा एक मुलगा बास्केटबॉल संघात होता. हंगामाचा शेवट गेला, मग वर्गही गेला. त्याच्या घरच्यांचा आक्षेप धार्मिक होता: ही लस ज्या पेशींवर वाढवतात त्या पेशींचा मूळ उगम १९६० च्या दशकातल्या गर्भपातांत आहे. हे खरं आहे. त्या पेशी आजवर प्रयोगशाळेत वाढवत आणल्या आहेत. दुसरा पर्याय नसेल तर अशी लस घ्यायला हरकत नाही असं व्हॅटिकनच्या अकादमीने २००५ मध्येच म्हटलं होतं, पण त्या घराला ते पुरेसं वाटलं नाही. मुलाने खटला भरला. त्याच महिन्यात राज्याचे तेव्हाचे गव्हर्नर मॅट बेव्हिन यांनी रेडिओवर सांगितलं की आपल्या नऊही मुलांना आपण मुद्दाम कांजिण्यांच्या संपर्कात आणलं होतं. २ एप्रिलला न्यायाधीशांनी आदेशाला स्थगिती द्यायला नकार दिला. आणि मे महिन्यात त्या मुलाला कांजिण्या झाल्या.

त्याचे वकील म्हणाले की बंदी मूर्खपणाची होती. फेब्रुवारीतच झाल्या असत्या तर तो केव्हाच वर्गात परतला असता. आरोग्य विभागाने मुद्दाम लागण करून घेण्याच्या या विचाराबद्दल जाहीर चिंता व्यक्त केली.

वकिलांच्या गणितात चूक नाही. आठवडाभर आजार, मग खपल्या, मग मोकळा. पण त्या गणितात फक्त तो एकच मुलगा आहे. १८ व्या वर्षी हा आजार पाच वर्षांच्या मुलासारखा जात नाही. लस यायच्या आधी अमेरिकेत दरवर्षी सुमारे ४० लाख जणांना कांजिण्या व्हायच्या, दहा हजारांहून जास्त रुग्णालयात जायचे आणि शंभर ते दीडशे मरायचे, त्यांतले कितीतरी आधी ठणठणीत असलेले. आणि तो मेमध्ये आजारी पडला यातून माझ्या बाजूचंही फारसं काही सिद्ध होत नाही. आदेशाने त्याचं आजारपण टळलं नाही. शाळेचं दार बंद केलं म्हणजे घरांची, प्रार्थनास्थळांची दारं बंद होत नाहीत. आपल्याकडेही बघा ना: शाळेतून घरी बसवलेली मुलं रविवारी मंडळाच्या मराठी शाळेत हजर असतात, वाढदिवसाला जातात, गणपतीच्या आरतीला पहिल्या रांगेत उभी असतात. तिथेच एखादी केमोथेरपी चालू असलेली मुलगी आली असेल तर? तिला ही लस देता येत नाही. तिच्यासाठी कांजिण्या म्हणजे फुप्फुसं आणि यकृत यांवर उठलेला आजार. वर्गात ती एकटी असली तरी नियम तिच्यासाठी आहे असं मी मानते, आणि या मुद्द्यावर मी हटणार नाही.

कायद्याच्या बाजूने हा वाद बराचसा मिटलेला आहे. न्यूयॉर्कमध्ये वर्गमित्राला कांजिण्या झाल्या म्हणून घरी बसवलेल्या मुलांच्या पालकांचा दावा केंद्रीय अपील न्यायालयाने जानेवारी २०१५ मध्ये फेटाळला. माझ्या मनात मात्र तो मिटलेला नाही. पूर्वी मी म्हणायचे, टोचून घ्यायला पाच मिनिटं लागतात, तीन आठवड्यांचं दुःख कसलं सांगता. आज मी त्या जुन्या मला विचारते, जिला नोकरीत पगारी सुट्टी नाही, गाडी नाही, विमा अजून सुरू झालेला नाही, तिची पाच मिनिटं कुठून आणायची? तेव्हाची मी लगेच उत्तर देते: विमा नसलेल्या १९ वर्षांखालच्या मुलांना सरकारी योजनेतून लस मोफत मिळते, आरोग्य केंद्राला फोन कर. तेही खरंच. पण फोनवर मिळणारी तारीख दहा दिवसांनंतरची असते.

आणि एका प्रश्नाला माझ्याकडे तुम्हाला पटेल असं उत्तर नाही. एक डोस घेतलेली मुलं वर्गात बसतात, आणि एका डोसाने पाचातल्या साधारण चौघांचंच संरक्षण होतं. पाचव्याला झाल्या तर पन्नासहून कमी पुटकुळ्या उठतात, पाणी न धरणाऱ्या, डास चावल्यासारख्या, आणि आई त्याला शाळेत पाठवते. असं मूल इतरांना कमी लागण देतं, लस न घेतलेल्याच्या साधारण एक तृतीयांश, पण देतं. त्याला आत घ्यायचं आणि तुमच्या मुलाला बाहेर ठेवायचं हे जोखमीच्या हिशोबाने बरोबर आहे. दारात पत्र घेऊन उभ्या असलेल्या तुम्हाला ते बरोबर वाटावं असा आग्रह मी धरत नाही. पुटकुळ्या दिसल्या तर एवढंच करा, मुलाला शाळेत घेऊन येऊ नका. फोटो काढून पाठवा, आधी फोनवर बोलू.