घर भाड्याने देऊन परदेशी जाताना: पॅनच्या बदलीत गेलेले माझे सात महिने

व्हिसा मिळाला, लग्नाची नोंद झाली, इंग्रजीची परीक्षासुद्धा झाली. अडलं ते बेळगावच्या वडगावातल्या माझ्याच घराच्या भाड्यापाशी: त्यावरच्या करासाठी माझं पॅन एका आयकर कार्यालयातून दुसऱ्याकडं जायला हवं होतं. साठी ओलांडून परदेशी जोडीदाराकडं निघालेलं आणि मागं घर भाड्याने ठेवणारं आपल्या भागातलं कुणी असेल, तर त्याने हे जायच्या आधी वाचावं. मला आधी सांगणारं कुणी भेटलं नाही, याचा राग अजून गेलेला नाही.

मी बेळगावात मराठी माध्यमाच्या शाळेत बत्तीस वर्षं शिकवलं. लग्न केलं नव्हतं. घर मात्र स्वतःच्या पगारातून, कर्ज काढून बांधलं. खाली दोन खोल्या, वर दोन, मागं फणसाचं झाड. निवृत्तीच्या आधी एक इंग्रज गृहस्थ कॅम्पातल्या जुन्या दफनभूमीत आपल्या पणजोबांची कबर शोधत आले होते. रस्ता विचारण्यावरून ओळख झाली. पुढं पाच वर्षं पत्रं, फोन, दर हिवाळ्यात त्यांचं येणं. ते रेल्वेत सिग्नलचं काम करून निवृत्त झालेले आणि एकटे. तेच आता माझे यजमान. साठाव्या वर्षी लग्न म्हटल्यावर भावकीत जे बोललं गेलं ते बोललं गेलं. धाकटा भाऊ मात्र पहिल्या दिवसापासून माझ्या बाजूने उभा राहिला आणि पुढं सगळ्या रांगांतही तोच उभा राहिला.

लग्न २०२३ मध्ये विशेष विवाह कायद्याखाली नोंदवलं. हा १९५४ चा कायदा. दोघांपैकी एक जण जिल्ह्यात ३० दिवस राहिलेला असावा लागतो, नोटीस लागते, ती ३० दिवस फलकावर राहते, कुणी हरकत घेतली नाही की तीन साक्षीदारांपुढं सह्या होतात. यजमानांना त्यांच्याकडून अविवाहित असल्याचा दाखला आणावा लागला. तिथं आम्हाला काहीच त्रास झाला नाही.

ब्रिटनच्या व्हिसाचा अर्ज जानेवारी २०२४ मध्ये केला, आणि तो तेव्हा केला हे आमचं नशीब. त्या वेळी तिकडच्या जोडीदाराचं उत्पन्न वर्षाला १८,६०० पौंड दाखवावं लागायचं. ११ एप्रिल २०२४ पासून ती अट २९,००० झाली. यजमानांचं पेन्शन पहिल्या अटीत बसत होतं, दुसरीत बसलं नसतं. आरोग्याचा अधिभारही तेव्हा वर्षाला ६२४ पौंड होता, ६ फेब्रुवारीपासून १,०३५ झाला. म्हणून सांगते, अर्ज तयार असेल तर 'पुढच्या महिन्यात करूया' म्हणू नका. क्षयरोगाची तपासणी बेंगळुरूला जाऊन केली. इंग्रजीची परीक्षा ए-वन पातळीची, फक्त बोलणं आणि ऐकणं. ६५ च्या पुढं ती माफ असते, मी ६१ ची होते. पासपोर्टवर जन्मस्थान 'बेलगाम' आणि लग्नाच्या दाखल्यावर 'बेळगावी' होतं, म्हणून १ नोव्हेंबर २०१४ ला शहराचं अधिकृत नाव बदलल्याचं सांगणारं एक पानी पत्र जोडलं. त्यावर कुणी प्रश्न विचारला नाही.

आता मूळ दुखणं.

जानेवारीतच घरासाठी भाडेकरू ठरला होता. बँकेतला माणूस, बायको, एक मुलगी. भाडं महिना १५,०००, अकरा महिन्यांचा करार. मी सहज आमच्या सीएंना विचारलं, 'मी गेल्यावर भाडं कुठल्या खात्यात घ्यायचं?' ते म्हणाले, 'खातं एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयांचं इथल्या उत्पन्नासाठीचं, करावं लागेल. पण त्याआधी भाडेकरूला सांगा, तुम्ही अनिवासी झालात की प्रत्येक महिन्याला ३१.२ टक्के टीडीएस, म्हणजे भाडं देतानाच कापायचा कर, त्यानंच कापायचा.'

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. निवासी मालकाला साधं घरभाडं देणाऱ्या कुटुंबाला महिना ५०,००० पर्यंत काही कापावं लागत नाही. मालक अनिवासी असेल तर तेव्हा १९६१ च्या आयकर कायद्याचं कलम १९५ लागायचं, आणि तिथं खालची मर्यादाच नव्हती. ३० टक्के कर, त्यावर ४ टक्के उपकर. पंधरा हजारांतले ४,६८० रुपये भाडेकरूनं कापायचे, पुढच्या महिन्याच्या ७ तारखेच्या आत सरकारात भरायचे, त्यासाठी स्वतःचा टॅन, म्हणजे कर कापणाऱ्याला लागणारा नंबर, काढायचा, दर तिमाहीला २७क्यू नावाचं विवरण भरायचं. विवरणाला उशीर झाला तर दिवसाला २०० रुपये दंड, तोही त्यालाच. कापलंच नाही तर ती रक्कम त्याच्याकडून वसूल होऊ शकते.

बँकेतल्या भाडेकरूला हे नीट समजलं, म्हणूनच त्यानं तिसऱ्या दिवशी नकार कळवला. दुसरे एक व्यापारी होते, ते म्हणाले, 'बाई, त्यापेक्षा लीजवर द्या की. एकदम डिपॉझिट घ्या, भाडं नको, टीडीएस नको.' मी दिलं नाही. मोठी रक्कम एकदम घ्यायची आणि परत द्यायची वेळ आली की परदेशातून धावपळ करायची, हे मला मानवणारं नव्हतं. तिसऱ्यांनी तर सरळ सुचवलं, 'भाडं तुमच्या भावाच्या नावानं घेऊया, कोण बघतंय.' घर माझं आहे, त्याचं उत्पन्न माझं आहे. बत्तीस वर्षं मुलांना खरं बोला म्हणून शिकवलं, आता भावाच्या गळ्यात खोटा कागद कशाला बांधू? त्यांनाही नको म्हटलं.

सीएंनी हिशेब करून दाखवला तेव्हा राग आणखी वाढला. माझं पेन्शन महिना ३२,०००, म्हणजे वर्षाचं ३,८४,०००. भाडं १,८०,०००, त्यातून दुरुस्तीपोटी ३० टक्के वजा जाऊन १,२६,०००. पेन्शनवरची ७५,००० ची वजावट धरली की करपात्र उत्पन्न ४,३५,०००. नव्या पद्धतीत त्या वर्षी पहिले ३ लाख करमुक्त. उरलेल्या १,३५,००० वर ५ टक्के आणि उपकर मिळून माझा कर ७,०२०. (निवासी राहिले असते तर सवलतीमुळे हाही शून्य झाला असता, अनिवासीला ती सवलत नाही.) आणि नुसत्या भाड्यातून कापले जाणार होते वर्षाला ५६,१६०. जादाचे परत मिळतात, पण पुढच्या वर्षी विवरण भरल्यावर.

यावर कायद्यातच उपाय आहे. तेव्हा कलम १९७ खाली कमी दरानं टीडीएस कापण्याचं प्रमाणपत्र मिळायचं. आयकर खात्याच्या ट्रेसेस या संकेतस्थळावर फॉर्म १३ भरायचा. त्यासाठी भाडेकरूचा टॅन आधी हवा, कारण प्रमाणपत्र त्या टॅनपुरतंच असतं. टॅन काढायला ७७ रुपये लागतात. आणि तुमचं पॅन अनिवासींचे व्यवहार बघणाऱ्या कार्यालयाकडं असावं लागतं. माझं पॅन अर्थातच आजवर जिथं होतं तिथंच होतं.

मार्चमध्ये मी त्या जुन्या कार्यालयात अर्ज घेऊन गेले. साहेबांनी वाचला आणि म्हणाले, 'बाई, तुम्ही तर अजून इथंच आहात की. निवासी माणसाचं पॅन तिकडं कसं पाठवू? गेल्यावर या.' गेल्यावर कशी येऊ, हे मी विचारलं. ते म्हणाले, कुणाला तरी पाठवा.

१० मे २०२४ ला मी निघाले. यजमानांच्या खुब्याचं ऑपरेशन ठरलं होतं, थांबणं शक्यच नव्हतं. पुढं सीए म्हणाले, मे संपेपर्यंत थांबला असतात तर त्या आर्थिक वर्षात भारतात साठ दिवस भरले असते, आयकराच्या हिशेबानं ते वर्ष तुम्ही निवासीच राहिला असतात, आणि कलम १९५ चा प्रश्न पुढच्या एप्रिलवर गेला असता. माझे चाळीसच दिवस झाले होते. ज्यांच्या जाण्याची तारीख पुढं-मागं होऊ शकते, त्यांनी तिकीट काढायच्या आधी सीएंना हा एक प्रश्न जरूर विचारावा.

जूनमध्ये भाऊ पासपोर्टवरच्या शिक्क्याची प्रत घेऊन गेला. त्याला विचारलं, तुम्ही कोण? त्याच्याकडं माझं मुखत्यारपत्र होतं, पण त्यात भाडं घेणं, करार करणं, वीज-पाण्याची बिलं भरणं एवढंच होतं. आयकर कार्यालयापुढं हजर राहण्याचा अधिकार लिहिलेला नव्हता. मी वेगळं अधिकारपत्र सही करून कुरियरनं पाठवलं. यात तीन आठवडे गेले. जुलैत जुन्या कार्यालयानं सांगितलं, 'आम्ही पाठवलं.' नव्या कार्यालयानं सांगितलं, 'आमच्याकडं आलेलं नाही.' भाऊ चार वेळा गेला. दर वेळी हीच दोन वाक्यं. घर रिकामं होतं. पावसाळ्यात बंद घराच्या भिंतींना ओल आली, आणि मी इथं खिडकीत बसून भावानं पाठवलेले त्या भिंतींचे फोटो बघत होते.

ऑगस्टमध्ये मी स्वतः केंद्र सरकारच्या सीपीग्राम्स या तक्रार-संकेतस्थळावर तक्रार घातली. अकराव्या दिवशी ती 'संबंधितांकडे पाठवली' असं लिहून बंद झाली. बंद झालेल्या तक्रारीवर अपील करता येतं हे मला ठाऊक नव्हतं, भावाच्या मुलीनं सांगितलं. अपिलात मी फक्त तारखा लिहिल्या. मार्चचा अर्ज, जूनची प्रत, जुलैतल्या चार फेऱ्या, प्रत्येक ठिकाणच्या पोचपावतीचा क्रमांक. एकही विशेषण लिहिलं नाही. सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात पॅन नव्या कार्यालयाकडं दिसायला लागलं. सातव्या महिन्यात! मी यजमानांना चहा करायला सांगितला आणि भावाला फोन लावला. आम्हा दोघांनाही बोलता येईना.

पोचपावतीचा शिक्का घेतल्याशिवाय कुठल्याही टेबलावर कागद ठेवू नका. आमच्याकडं त्या पावत्या होत्या म्हणूनच अपील उभं राहिलं.

तेवढ्यात भाडेकरूही मिळाले. एका कॉलेजात शिकवणारे नवरा-बायको. त्यातल्या बाई माझ्या जुन्या विद्यार्थिनीची नणंद. त्यांना घाबरवण्याऐवजी मी पहिल्याच दिवशी सगळं सांगितलं आणि ठरवलं की टॅनचे ७७ रुपये आणि दर तिमाहीच्या विवरणाची सीएंची फी मी देणार. त्यांना फक्त महिन्याला एकदा चलन भरायचं होतं. 'एवढंच असेल तर जमेल की,' त्या म्हणाल्या. मी आधीच्या भाडेकरूंपुढं हा प्रस्ताव ठेवला असता तर कदाचित तेही राहिले असते. हे तुम्ही विसरू नका. कापून भरलेल्या रकमेचा दाखला (तेव्हा फॉर्म १६ए) त्यांच्याकडून न चुकता घ्या, तुमच्या विवरणासाठी तोच पुरावा.

सप्टेंबर, ऑक्टोबर, नोव्हेंबर असे तीन महिने पूर्ण कपात झाली, हातात १०,३२० यायचे. फॉर्म १३ वर मागच्या विवरणांच्या प्रती, भाडेकरार आणि वर्षाच्या उत्पन्नाचा अंदाज मागितला गेला, तो सीएंनी दिला. डिसेंबरमध्ये प्रमाणपत्र आलं, दर ५ टक्के. म्हणजे महिन्याला ७५०. आधीचे जादा गेलेले पैसे जुलै २०२५ मध्ये विवरण भरल्यावर परत आले.

काही गोष्टी आता आठवतात. मुखत्यारपत्र जायच्या आधीच बेळगावात उपनिबंधकांकडं नोंदवून घ्या. परदेशात केलं तर तिथल्या भारतीय दूतावासात साक्षांकित करून, ते भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत मुद्रांक भरावा लागतो. आमच्या बाँड रायटरनं कन्नडमध्ये टाइप करून आणलेल्या मसुद्यात घर विकण्याचा अधिकारही होता. त्यांचा तो नेहमीचा नमुना. मला कन्नड वाचता येतं, म्हणून दिसलं आणि ती ओळ काढून घेतली. ज्यांना येत नाही त्यांनी शब्दन् शब्द मराठीत वाचून घ्यावा, मगच सही करावी. घरपट्टी एप्रिलमध्ये भरली तर ५ टक्के सूट मिळते, ते भावाच्या कॅलेंडरवर लिहून ठेवलंय. पेन्शनसाठी हयातीचा दाखला मी नोव्हेंबरात बर्मिंगहॅमच्या भारतीय वाणिज्य दूतावासातून घेतला. हेस्कॉमचं विजेचं मीटर मात्र भाडेकरूच्या नावावर करू नका, बिल त्यांनी भरलं तरी पुरे.

इकडच्या कराचंही विचारून घ्या. इथं राहणाऱ्याला भारतातलं उत्पन्नही हिशेबात धरावं लागतं. १२,५७० पौंडांपर्यंत इथं कर नाही आणि माझं सगळं त्याच्या आत बसतं, म्हणून मी निवांत आहे.

टीडीएसचं ते प्रमाणपत्र एका आर्थिक वर्षापुरतंच असतं, दर वर्षी नव्यानं अर्ज. २०२५-२६ चा अर्ज आम्ही मार्चमध्येच भरला. पॅन आता योग्य जागी असल्यामुळं एकही फेरी पडली नाही. एप्रिलअखेर प्रमाणपत्र भाडेकरूंना पाठवलं. त्यावर त्यांचा फोन आला, 'बाई, मिळालं. आणि मागच्या झाडाचे फणस तयार झालेत, काय करू?'

तीन शेजाऱ्यांना द्यायला सांगितले. चौथा भावाकडं.