पाचवं अक्षर

मी नाशिकला गंगापूर रोडकडच्या एका कॉलेजात ऑफिसला आहे, क्लार्क. बोनाफाईड, स्कॉलरशिप, परीक्षा फॉर्म हे सगळं करून वर 'कमवा व शिका'चं टेबल पण माझ्याकडेच. म्हणजे मुलांनी लेक्चर सोडून उरलेल्या वेळात कॉलेजातच काम करायचं, लायब्ररी, लॅब, बाग, जिथे लागेल तिथे, आमच्याकडे दिवसाला जास्तीत जास्त तीन तास, आणि तासावर मानधन. पगार म्हणायचं नाही, मानधन. ऑडिटवाल्यांना त्या एका शब्दाचं फार असतं.

आता ही योजना ज्यांच्यासाठी, ती पोरं येतात सुरगाणा, पेठ, हरसूलकडून. आणि फॉर्मला काय लागतं तर तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, आधार, मागच्या वर्षाचं मार्कशीट, पासबुकची झेरॉक्स, पालकाचं संमतीपत्र. दाखल्याची मुदत ३१ मार्चला संपते म्हणून दरवर्षी नवीन काढा. कर्मवीर अण्णांनी साताऱ्याला १९४७ साली कॉलेज काढलं तेव्हा पोरं शेतात राबून शिकायची, त्यांना कुणी पासबुकची झेरॉक्स मागितली नसेल. असो.

गोष्ट फेब्रुवारीतली. सुरगाण्याकडची एक मुलगी, एस.वाय.ला, लायब्ररीत पुस्तकांना बारकोड चिकटवायचं काम करायची. दुपारी एक ते चार, एकही खाडा नाही, ग्रंथपाल मॅडम तिचं मस्टर दाखवून बाकीच्यांना ऐकवायच्या. तर डिसेंबर आणि जानेवारीचं मानधन एकत्र टाकलं, बेचाळीस मुलांचं, आणि बँकेकडून एकच एंट्री रिटर्न आली. हिचीच.

मी तिला बोलावलं, पासबुक बघितलं. खातं शाळेत असताना स्कॉलरशिपसाठी उघडलेलं, गावाकडच्या शाखेत, मायनर म्हणून, आणि सहीच्या जागी वडिलांचा अंगठा. मला वाटलं, झालं, सापडलं! अठरा पूर्ण झाल्यावर खातं मेजर करून घ्यावं लागतं, नवीन सही, नवीन फोटो, केवायसी, ते हिने केलेलं नाही म्हणजे त्यानेच अडकलं असणार. मग मी तिला चांगलं पंधरा मिनिटं झापलं. अगं तुम्हाला सांगून सांगून थकलो, कागद पूर्ण नसतील तर आम्ही काय करायचं, मार्च तोंडावर आलाय, वगैरे. ती मान खाली घालून ऐकत होती आणि एकच म्हणाली, "मॅडम, बाबा पिंपळगावला खुड्यावर गेलेत."

द्राक्षाचा सीझन. तिकडची निम्मी गावं तेव्हा निफाड-दिंडोरीत द्राक्षाच्या बागांवर असतात. आणि शाखेतून तिला फोनवर सांगितलेलं की पालकाला सोबत घेऊन ये. मी म्हटलं मग आण त्यांना, पर्याय नाही. आज आठवलं की माझाच मला राग येतो, कारण मी एवढं ठामपणे बोलले आणि बँकेचा रिटर्न मेल मी नीट उघडून बघितला पण नव्हता, नुसतं लाल झालेलं नाव बघितलं आणि बाकी मनानेच ठरवलं.

ती गेली. एक दिवस पिंपळगावला जाऊन वडिलांना घेऊन गाव गाठायला, दुसरा दिवस बँकेत. तिसऱ्या दिवशी सकाळच्या पहिल्या एसटीने थेट कॉलेजात हजर, नवीन पासबुक, नवीन फोटो, आणि खाली तिची स्वतःची सही, वळणदार, पूर्ण नावाची. मला पण बरं वाटलं. पेमेंट परत पाठवलं.

संध्याकाळी परत रिटर्न.

आता मात्र मी आमच्या बँकेत फोन लावला. तिथल्या साहेबांनी स्क्रीन बघितली आणि म्हणाले, "मॅडम, आयएफएससी बघा. पाचवं अक्षर." अकरा अक्षरांचा कोड असतो, पहिली चार बँकेची, शेवटची सहा शाखेची, आणि मधलं पाचवं कायम शून्य, कुठलीही बँक असू दे. मी एक्सेलमध्ये तिथे इंग्रजी ओ टाकला होता. बाकी एक्केचाळीस जणांचे कोड मागच्या शीटवरून कॉपी केलेले, लांबच्या शाखेची ही एकटीच नवीन, म्हणून हिचाच हाताने टाईप केला. त्या फॉन्टमध्ये ओ आणि शून्य शेजारी ठेवले तरी कळत नाही. तिचा फॉर्म काढून बघितला. तिने शून्यच लिहिलं होतं, वर आडवी रेघ मारून, कुणाला चुकू नये म्हणून.

दुसऱ्या दिवशी तिला बोलावून सांगितलं. चूक माझी होती, असं सरळ म्हणाले, तेवढं तरी केलं. ती चिडली नाही. थोडं थांबून विचारलं, "मग मॅडम, ते दोन दिवसांचे सहा तास मस्टरवर धरता येतील का?"

नाही येत. काम केलं तरच तास, आणि दिवसाला तीनच्या वर नाही, म्हणजे भरून पण काढता येत नाहीत. खोटे तास टाकले तर ते पुढे तिलाच नडणार. मी म्हटलं मी माझ्याकडून देते, तर ती एकदम "नको नको" करून दोन पावलं मागे सरकली. बाबांचे पण दोन दिवस गेले ना गं, मी म्हटलं. "हो, त्यांची पण मजुरी बुडाली," म्हणाली, कुणी टाईम विचारल्यावर सांगावा तशी.

परत पेमेंट टाकायला अकाउंट्सला नोट द्यावी लागते, त्यात विलंबाच्या कारणाचा रकाना असतो. ती समोरच उभी होती, नोटवर तिची पण सही हवी होती म्हणून. मी लिहिलं, 'तांत्रिक कारणास्तव'. तिने ते टेबलाच्या पलीकडून उलटं वाचलं, पेन मागितलं आणि खाली सही केली. पूर्ण नावाची.