अखेर विमान घेतलं!

आज ओहायोत १९७५ सालच्या सेसना १७२चा व्यवहार पक्का झाला. माझ्याहून दोन वर्षांनी मोठं! मेकॅनिकने इंजिनाच्या चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन, म्हणजे ते दाब किती धरून ठेवतात ते, तपासलं, ८० पैकी ७२च्या खाली एकही नाही, म्हणजे तब्येत उत्तम. मी मात्र लॉगबुकांतच रमलो. पन्नास वर्षांतलं एकेक ऑइल चेंज, एकेक टायर, कुणाच्या तरी निळ्या शाईतल्या तिरप्या अक्षरात. इतकं जपलेलं यंत्र मिळणं भाग्यच.

आता विमान किती कललंय ते दाखवणारा, व्हॅक्यूम पंपावर चालणारा जुना जायरो काढून त्याच कामाचा इलेक्ट्रॉनिक होरायझन बसवणार. ढगात तो पंप बंद पडला तर पायलटला चटकन कळतही नाही, तिथे काटकसर नको. रंगाचं नंतर बघू.

आईने व्हिडिओ कॉलवर बजावलं, "आधी नारळ फोड." प्रोपेलरला हळदकुंकू लावलं आणि हँगरच्या दारात नारळ फोडला.