भाच्याच्या रायफलीला रेटिकल कोणतं घ्यावं

भाचा तिकडे अमेरिकेत मोंटानाला असतो, तिथे लायसन काढलं की सीझनमध्ये रीतसर शिकार करता येते, तर त्याने .308 (गोळीचा एक आकार) ची रायफल घेतली आणि आता स्कोपसाठी (रायफलीवरची दुर्बीण), म्हणजे त्यात दिसणाऱ्या नेमाच्या रेघांसाठी, रेटिकलसाठी, व्हॉट्सॲपवर रोज फोटो टाकतो, "मामा, हे रेटिकल कसं वाटते तुम्हाले?" आपल्याकडे 1972 च्या कायद्याने शिकार बंद आहे. रोही न् रानडुकरं उभी तूर लोळवून जातात तरी वनखात्याच्या परवानगीशिवाय काही करता येत नाही. पण मी फौजेत ड्रॅगुनोव ही स्नायपर रायफल चालवली आहे, म्हणून तो मला विचारतो, आणि हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे.

ड्रॅगुनोवच्या स्कोपमध्ये खाली डावीकडे एक वाकडी रेघ असते, 1.7 मीटर उंचीचा माणूस तिच्यात बसवायचा आणि अंतर वाचायचं. माणसासाठी ठीक, पण हरणाची उंची कोण मोजून ठेवते? आणि आता अंतर मोजणारा लेझर रेंजफाइंडर खिशात मावतो, तेव्हा अंतर काढायला रेटिकलवर ठिपके हवेत हा मुद्दाच राहिला नाही. मग रेटिकलचं खरं काम काय उरलं? माझ्या मते वारा.

गोळी खाली किती पडते ते ठरलेलं असते. 100 मीटरवर झिरो केलेली (म्हणजे तिथे नेम बरोबर जुळवलेली) .308 साधारण 300 मीटरवर दीड मिल (मिल म्हणजे कोनाचं माप) खाली लागते, म्हणजे 45 सेंटीमीटर, कारण 1 मिल म्हणजे 100 मीटरवर 10 सेमी आणि 300 वर 30. तेवढं वरच्या टरेटवर (स्कोपवरची नेम सरकवायची चकती) फिरवून घ्यायचं, घाई नसते. वारा मात्र तुम्ही टरेट फिरवेपर्यंत बदलून गेलेला असतो. ताशी पंधरा किलोमीटरचा आडवा वारा असला तर त्याच अंतरावर गोळी जवळपास वीतभर सरकते, आणि हरणाच्या फुफ्फुस-काळजाची जागा असते फक्त 25 सेमीच्या आसपास. म्हणजे नेम मधोमध धरला तरी गोळी त्या जागेच्या बाहेर, पोटात जाणार आणि जनावर रात्रभर तडफडत फिरणार. म्हणून आडव्या रेघेवर अर्ध्या-अर्ध्या मिलच्या स्पष्ट खुणा पाहिजेतच, वाऱ्याकडे तेवढं धरून मारायचं. खाली ते झाडासारखं पसरलेलं जाळं, ज्याला ख्रिसमस ट्री म्हणतात, ते टार्गेटवर गोळ्या मारणाऱ्यांसाठी भारी आहे पण शिकारीत नको, जनावर झुडपात उभं असलं की जाळं आणि फांद्या एकत्र दिसतात आणि नजर गोंधळते.

दुसरी गोष्ट फर्स्ट फोकल की सेकंड फोकल, म्हणजे स्कोपमध्ये रेटिकल कुठे बसवलंय. फर्स्ट फोकलमध्ये झूमबरोबर रेटिकलही लहान-मोठं होते, म्हणून खुणा प्रत्येक झूमवर खऱ्या. सेकंड फोकलमध्ये खुणा एकाच झूमवर खऱ्या असतात, बहुतेक सगळ्यात मोठ्या. समजा 16 वर खऱ्या आहेत आणि तू 8 वर ठेवून दीड मिलची खूण धरली, तर ती प्रत्यक्षात तीन मिल झाली, गोळी 45 सेमी वरून पाठीवरून निघून जाईल. थंडीत हात कापत असताना, जनावर चालत असताना झूम कितीवर आहे हे कोण बघणार. त्यामुळे मी फर्स्ट फोकलच्या बाजूचा आहे. त्यातही अडचण आहेच, झूम कमी केलं की रेटिकल बारीक होत जाते. मोंटानात सूर्योदयाच्या अर्धा तास आधीपासून सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापर्यंत मारता येते आणि हरणं नेमकी त्याच अंधुक उजेडात निघतात, तेव्हा बारीक रेघ दिसत नाही.

हा अंधाराचा मुद्दा लोकं फार हलक्यात घेतात. माझ्या छऱ्याच्या बंदुकीचा 3-9 पट झूमचा स्कोप काढून मी दिवेलागणीला वावराच्या धुऱ्यावर बसून नुसता बघतो, काळी जमीन, मागे वाळलेल्या पऱ्हाट्या आणि त्यात रोही उभा असला की बारीक काळी रेघ कुठे गेली कळतच नाही, रोही दिसतो पण केंद्र दिसत नाही. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली सगळेच रेटिकल छान दिसतात. म्हणून बाहेरून जाड पट्टे आत येणारे हवेत (जुन्या ड्युप्लेक्स रेटिकलमध्ये असतात तसे, ते 1962 पासून चालत आलंय), म्हणजे झूम कमी असला तरी नजर आपोआप मध्ये ओढली जाते, आणि मध्ये छोटासा लाल दिवा, तोही अगदी मंद करता येणारा, नाहीतर त्याच्याच चकाकीत जनावर हरवते.

आणि टरेट मिलचा असेल तर रेटिकलही मिलचंच. स्वस्तात मिळते म्हणून मिलचं रेटिकल न् एमओएचा (कोनाचं दुसरं माप) टरेट घेऊ नको, 1 एमओए म्हणजे 100 मीटरवर 2.9 सेमी, ते गणित डोंगरावर धापा टाकत होत नाही.

तर भाचेबुवा, 3-15 च्या आसपासचा, फर्स्ट फोकल, जाड पट्टे, आडव्या खुणा, मंद दिवा, बस. स्कोप आला की आधी चार्टपेपरवर 10-10 सेमीवर रेघा मार, बरोबर 100 मीटरवर लाव, मीटर टेपने मोजून, आणि प्रत्येक झूमवर खुणा रेघांवर बसतात का ते बघ. मग तोच कागद संध्याकाळी अंधार पडेपर्यंत बघत बस. कुठे जुळलं नाही तर लगेच परत पाठव, सीझन ऑक्टोबरच्या शेवटाला सुरू होतो, अजून वेळ आहे.