तुम्ही विचारलंत म्हणून: समुद्राचे फोटो आणि एचडीआर

समुद्राचा फोटो दाखवला की दोन प्रश्न हमखास येतात आणि ते एका दमातच येतात, हा एचडीआर (म्हणजे कमी-जास्त उजळ फोटो जोडून केलेला) आहे का, आणि असेल तर मग तसा दिसत का नाही. तसा म्हणजे कसा ते विचारणाऱ्याला पक्कं माहीत असतं: ढगांच्या कडा काळ्या, खडकाभोवती पांढरट झाक, लाटेचा फेस राखाडी आणि सगळं चित्र एकसारखं उजळलेलं, सावली म्हणून कुठे शिल्लकच नाही. तर उत्तर असं की हो, सूर्य समोर ठेवून काढलेले माझे बरेचसे फोटो एकापेक्षा जास्त एक्स्पोजर, म्हणजे कमी-जास्त प्रकाश घेतलेल्या फ्रेम, जोडून केलेले असतात, त्यात लपवण्यासारखं काही नाही. पण पाणी मी नेहमी एकाच फ्रेममधलं घेते, आणि आभाळ कितीही गडद केलं तरी पाण्यातल्या त्याच्या प्रतिबिंबापेक्षा ते उजळच राहील हे बघते. माझ्या मते किनाऱ्यावरचा एचडीआर फसतो तो ह्या दोनच जागी, बाकी सगळं त्यानंतरचं.

आधी हे का करावं लागतं ते. सूर्य क्षितिजाच्या जरा वर आहे आणि पायाशी भिजलेला काळा खडक आहे, अशी फ्रेम घ्या. चांगल्या फुल फ्रेम सेन्सरची रेंज कमीत कमी आयएसओला (संवेदनशीलतेला) साधारण 14 स्टॉपच्या आसपास धरतात, एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा, म्हणजे सगळ्यात गडद आणि सगळ्यात उजळ ह्यात जवळपास 1 ला 16,000 इतकं प्रमाण झालं, ऐकायला भरपूर वाटतं, पण त्यातल्या तळाच्या काही स्टॉपमध्ये नॉइजच, म्हणजे दाणेदार खरखर, जास्त असतो आणि सूर्य स्वतः फ्रेममध्ये असला की तेवढी रेंज पुरत नाही. मग एकतर आभाळ बर्न होतं, म्हणजे कोरं पांढरं पडतं, नाहीतर खडकाचा नुसता काळा ठोकळा उरतो. काळा ठोकळाच हवा असेल तर प्रश्न मिटला, सिल्हूट हा काही कमी दर्जाचा फोटो नाही. पण खडकावरचं शेवाळ, कालवं, भेगांमधून घरंगळणारं पाणी हेच जर दाखवायचं असेल तर दुसरं एक्स्पोजर घ्यावंच लागतं.

आणि हे काही कॉम्प्युटर आल्यावर सुरू झालेलं नाही, कुणी 'पूर्वी असं नव्हतं' म्हणालं की मी ग्युस्ताव्ह ल ग्रे ह्या जुन्या फ्रेंच फोटोग्राफरचं नाव घेते. 1850 च्या दशकातल्या कलोडियन प्लेटना, म्हणजे रसायन लावलेल्या काचेच्या निगेटिव्हना, निळा प्रकाश फार पटकन दिसायचा, त्यामुळे समुद्र नीट आला की आभाळ कोरं पांढरं व्हायचं. ल ग्रेने समुद्राची एक निगेटिव्ह आणि आभाळाची दुसरी अशा दोन घेऊन प्रिंट करताना त्या क्षितिजावर जोडल्या, फ्रान्समधल्या सेत इथली त्याची 1857 ची मोठ्या लाटेची प्रिंट ह्यासाठीच प्रसिद्ध आहे. मला त्यातलं सगळ्यात महत्त्वाचं हे वाटतं की त्याने लाटेला हात लावला नाही. लाट एका निगेटिव्हमधली, एका क्षणातली. जोड दिली ती क्षितिजावर, जिथे निसर्गानेच रेघ मारून ठेवलेली असते.

आता आपलं सॉफ्टवेअर नेमकं उलटं करतं बघा. 1997 मध्ये पॉल डेबेव्हेक आणि जितेंद्र मलिक या संशोधकांनी वेगवेगळ्या एक्स्पोजरच्या फोटोंवरून दृश्यातला खरा प्रकाश कसा काढायचा ते मांडलं, पुढे फोटोग्राफरांच्या हातात आलेल्या बऱ्याच एचडीआरचा पाया तोच. पण त्यात एक गोष्ट धरूनच चाललेली आहे, की सगळ्या फोटोंत दृश्य तेच आहे, जागचं हललेलं नाही. चर्चच्या आतला भाग असेल, जिना असेल, खोली असेल तर ठीक. समुद्र एका जागी थांबत नाही.

समजा मधलं एक्स्पोजर अर्ध्या सेकंदाचं आहे आणि तुम्ही दोन-दोन स्टॉपचं ब्रॅकेटिंग, म्हणजे एकाच दृश्याच्या गडद, मधली आणि उजळ अशा फ्रेम, लावलंत. मग गडद फ्रेम 1/8 सेकंदाची होते आणि उजळ फ्रेम 2 सेकंदांची. गडद फ्रेममध्ये लाट नुकतीच फुटतेय, थेंब जवळजवळ सुटे दिसतायत. मधल्यात तीच लाट खडकावर चढून परत फिरलीय आणि मागे जाताना फेसाच्या लांब रेघा ओढतेय, खडकाच्या दोन्ही अंगांनी वळलेल्या. उजळ फ्रेममध्ये लाट केव्हाच गेली, राहिलंय ते दुधासारखं पसरलेलं पाणी. म्हणजे नुसती जागा बदलली असं नाही, पाण्याचा पोतच तिन्हीत वेगळा आहे. ह्या तिघांची सरासरी काढली की जे मिळतं ते पाणी कुठल्याच क्षणी तिथे नव्हतं, आणि फेस राखाडी का दिसतो ह्याचं उत्तरही इथेच आहे, एका फ्रेममधला पांढरा फेस दुसऱ्या फ्रेममधल्या काळ्या पाण्यात मिसळला गेला. सॉफ्टवेअरमध्ये डीघोस्ट असतं, ते हललेल्या भागापुरती एकच फ्रेम निवडायचा प्रयत्न करतं, पण समुद्राच्या फोटोत हललेला भाग म्हणजे अर्धा फोटो, मग ते ठिगळं लावत बसतं आणि ठिगळांच्या कडांना नॉइज बदललेला दिसतो.

म्हणून मी आधी पाण्याची फ्रेम घेते आणि तीच मुख्य. एक्स्पोजर असं ठेवते की फेस बर्न होणार नाही, आभाळ झालं तरी चालेल, आणि पाव ते अर्ध्या सेकंदाच्या दरम्यान शटर ठेवून लाट ओसरायला लागली की क्लिक करते, मनासारख्या रेघा मिळेपर्यंत तशाच फ्रेम घेत राहते. ती मिळाली की लगेच, कॅमेऱ्याला धक्का न लावता, दोन-तीन स्टॉप कमी करून आभाळाची फ्रेम. तिच्यात लाट कशी आहे ह्याच्याशी मला देणंघेणं नाही. खडकाच्या कोरड्या भागासाठी गरज वाटली तर एक-दोन स्टॉप जास्तीची तिसरी, बऱ्याचदा लागतही नाही. लगेच म्हणते कारण ढग सरकतात आणि सूर्यास्ताचा रंग काही मिनिटांत बदलतो, उशीर झाला तर आभाळ एका वेळेचं आणि पाण्यावरचा रंग दुसऱ्या वेळेचा असं होतं आणि ते दिसतं. ट्रायपॉडचं म्हणाल तर वाळूत पाय आधीच दाबून घट्ट रोवायचे, कारण लाट मागे जाताना पायाखालची वाळू काढून नेते आणि ट्रायपॉड थोडासा खचतो, तेवढ्यानेही दोन फ्रेम जुळत नाहीत. आणि काचेवर उडालेले खारे थेंब पुसत राहायचे, सूर्य समोर असताना एक थेंबसुद्धा मोठा डाग पाडतो.

घरी आल्यावर जोड मी शक्यतो हाताने देते, फोटोशॉपमध्ये लेयर लावून, क्षितिजाच्या वरच्या भागाला आभाळाची फ्रेम आणि खाली पाण्याची. डोंगराची सोंड किंवा सुळका आभाळात घुसलेला असेल तिथे ल्युमिनॉसिटी मास्क, म्हणजे उजळपणावरून आपोआप बनलेला मास्क, मऊ ब्रशपेक्षा फार चांगला बसतो. मऊ ब्रशने सोंडेच्या कडेला जो उजेड सांडतो तोच तो पांढरा वळसा. लाइटरूमचं एचडीआर मर्ज मला वाईट वाटत नाही, त्यातून निघणारी फाइल रॉसारखीच, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलसारखीच, हाताळता येते, पण समुद्र शांत असेल तेव्हाच.

आता दुसरी गोष्ट, जिच्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही आणि मला तर ती पहिलीपेक्षाही महत्त्वाची वाटते. ओल्या वाळूत किंवा साचलेल्या पाण्यात आभाळ दिसतं तेव्हा ते आरशात दिसल्यासारखं पूर्ण परत येत नाही. पाण्याकडे सरळ खाली बघितलं तर ते जेमतेम 2 टक्के प्रकाश परत फेकतं, बाकीचा आत जातो. नजर जसजशी तिरपी होते तसतसा परावर्तित होणारा भाग वाढतो, आणि क्षितिजाजवळ नजर पाण्याला जवळपास घासून जाते तिथे बराचसा प्रकाश परत येतो. म्हणून पायाशी असलेलं पाणी गडद आणि पारदर्शक दिसतं, तळचे गोटे दिसतात, आणि दूरचं पाणी आभाळासारखं चकाकतं. हा उतार, पायापासून क्षितिजापर्यंत हळूहळू उजळत जाणारा, समुद्राच्या फोटोतली खोली ह्यावर उभी असते. टोन मॅपिंग, म्हणजे जोडलेली सगळी रेंज स्क्रीनवर मावेल अशी बसवणं, काय करतं, प्रत्येक भागाला त्याच्या शेजाऱ्यांच्या हिशोबाने उजळ-गडद करतं, आभाळ दाबतं, पायाशी उचलतं, आणि हा उतार सपाट करून टाकतं. मग वाळूतलं आभाळ वरच्या आभाळापेक्षा उजळ होतं. बघणाऱ्याला फिजिक्स माहीत नसतं पण काहीतरी खोटं आहे हे त्याला क्षणात कळतं, कारण तसं पाणी त्याने आयुष्यात कधी पाहिलेलं नाही.

तपासायला सोपं आहे. एडिट करताना कर्सर ढगाच्या एका उजळ भागावर ठेवायचा, आकडे बघायचे, मग क्षितिजाखाली तेवढ्याच अंतरावर त्याच्या प्रतिबिंबावर ठेवायचा. खालचा आकडा वरच्यापेक्षा कमी असायला हवा. बरोबरीला आला तरी मला खटकतं. पायाशी असलेल्या पाण्याची तुलना क्षितिजाजवळच्या आभाळाशी मात्र करू नका, तिथे आभाळाचा खूप वरचा, बऱ्याचदा फ्रेमबाहेरचाच भाग दिसत असतो. आणि फेस ह्यातून वगळा, फेस आरसा नाही, सूर्य पाठीशी आणि समोर काळं पावसाळी आभाळ असेल तर फेस आभाळापेक्षा कितीतरी उजळ असतो आणि तसाच ठेवला पाहिजे.

ग्रॅज्युएटेड फिल्टर, म्हणजे वरून गडद आणि खाली साफ असलेली काच, वापरणारे म्हणतात आम्हाला हे लागू नाही. लागू आहे, गरजेपेक्षा जास्त स्टॉपचा फिल्टर लावला की हाच दोष फोटो काढतानाच येतो, शिवाय क्षितिजाच्या वर आलेला सुळका डोक्याकडून काळा पडतो तो वेगळा. पण सरळ क्षितिज असेल तर सगळं एकाच क्षणात मिळतं, हे फिल्टरचं खरं बळ.

एकाच रॉ फाइलमधून गडद आणि उजळ अशा कॉप्या काढून त्या जोडायच्या का असंही विचारतात. त्यातून नवीन माहिती काहीच येत नाही, फाइलमध्ये होतं तेवढंच येतं, ते सरळ शॅडो आणि हायलाइट स्लायडरनेही मिळतं. सूर्य बुडाला की रेंज बरीच कमी होते, आभाळ ढगाळ असेल तर अजून कमी, तेव्हा हिस्टोग्राम, म्हणजे उजळपणाचा आलेख, दोन्ही टोकांना न अडकता मावत असेल तर ब्रॅकेट कशाला? मी घेत नाही.

फोनमध्ये मात्र हे आपोआप चालू असतं. गुगलने एचडीआर प्लस आणलं तेव्हा त्यात एक चांगली गोष्ट केली, वेगवेगळ्या एक्स्पोजरऐवजी सारख्याच आणि मुद्दाम कमी एक्स्पोजरच्या बऱ्याच फ्रेम घेऊन जोडल्या, म्हणजे हायलाइट वाचतात आणि सरासरीमुळे नॉइज कमी होतो. लाटेसाठी ही कल्पना तीन वेगळ्या एक्स्पोजरपेक्षा बरी आहे, निदान प्रत्येक फ्रेममधल्या पाण्याचा पोत तरी सारखा राहतो. शिवाय 2023 मध्ये अँड्रॉइड 14 सोबत अल्ट्रा एचडीआर आलं, त्यात साध्या जेपेगसोबत एक गेन मॅप, म्हणजे कुठे किती जास्त उजळायचं त्याचा नकाशा, जातो आणि झेपणाऱ्या स्क्रीनवर उजळ भाग खरोखर जास्त उजळतो. समुद्रासाठी मला ह्याचा मनापासून आनंद आहे, कारण पाण्यावरची सूर्याची चकाकी कागदाच्या पांढऱ्यात कधी मावलीच नाही. फक्त ती जास्तीची जागा चकाकीलाच द्यावी, सगळा फेस पेटवू नये.

आणि ज्यांच्याकडे जुन्या ब्रॅकेटच्या फाइली पडून आहेत आणि मर्ज करून मन भरलेलं नाही, त्यांनी त्या टाकून देऊ नका. प्रत्येक सेटमधून ज्या फ्रेममधलं पाणी आवडतं ती एक निवडा, मग ती थोडी गडद असली तरी चालेल, रॉ असेल तर दोनेक स्टॉप उचलायला साधारणपणे जड जात नाही. तिच्यावर आभाळ तेवढं गडद फ्रेममधून आणा आणि उजळ फ्रेम बाजूलाच राहू द्या, खडक फारच काळा वाटला तर शेवटी फक्त त्याच्या कोरड्या भागापुरती ती हलक्या हाताने वापरा.