मार्चचा पहिला शुक्रवार

आमच्या नगरच्या ख्रिस्ती बायकांना मार्चचा पहिला शुक्रवार वेगळा सांगावा लागत नाही. त्या दिवशी जागतिक प्रार्थना दिन असतो. १८८७ साली अमेरिकेत मेरी जेम्स नावाच्या बाईंनी बायकांना एका दिवशी एकत्र येऊन प्रार्थना करायला सुचवलं, आणि १९२७पासून तो दिवस जगभर पाळला जाऊ लागला. दरवर्षी एका देशातल्या बायका उपासनाक्रम लिहितात आणि बाकीचे देश तो आपापल्या भाषेत वाचतात. पॅसिफिकमधल्या बेटांवर उजाडलं की प्रार्थना सुरू होते. आमच्याकडे दुपारची उन्हं कलली की आम्ही जमतो. एका वर्षी आमची मंडळी यजमान, पुढच्या वर्षी मेथडिस्ट, मग कॅथलिक भगिनी, मग मुक्तिफौज, म्हणजे साल्व्हेशन आर्मी.

स्वागत, प्रास्ताविक, पाहुण्यांना गुलाबाचं फूल, अहवाल हे सगळं होतं, आणि अहवाल नेहमी लांबतो. त्याबद्दल लिहीत नाही. वेदीपुढच्या टेबलाबद्दल मात्र लिहायलाच हवं. त्या वर्षीच्या देशाचा नकाशा, झेंडा आणि तिथल्या दोन-चार वस्तू त्यावर मांडायच्या असतात. २०२५ला कुक बेटांची पाळी होती. नगरला शिंपले कुठले? पण आमची एक सून रत्नागिरीकडची, तिनं माहेरून पिशवीभर आणले. मुलांनी त्यातले निम्मे खिशात घातले, तरी टेबल सुरेख दिसलं.

छापील क्रम आम्ही आदरानं वाचतो. ‘वानुआतू’ म्हणताना जीभ अडखळते, सुरीनामच्या वेळी तर शास्त्रपाठ वाचणाऱ्या बाईंनी आधी घरी सराव केला होता. पण मी ज्याची वाट पाहते ते पुस्तिकेत नसतं. मध्यस्थीच्या प्रार्थना वाचून झाल्या की यजमानबाई म्हणतात, “आता ज्यांना वाटेल त्यांनी मोकळी प्रार्थना करावी.” क्षणभर कुणी बोलत नाही. मग मागच्या बाकावरून आमच्या आत्याबाई उभ्या राहतात. मिशनच्या दवाखान्यात आया म्हणून त्यांची हयात गेली. शिक्षण चौथीपर्यंत. डोळे मिटून, पदर दोन्ही हातांत धरून त्या देवाशी बोलतात, आणि बोलतात म्हणजे जवळजवळ भांडतातच. २०२४ला क्रम पॅलेस्टाइनच्या बायकांनी लिहिलेला होता. आत्याबाई म्हणाल्या, “बापा, तिथल्या बायांच्या डब्यात पीठ हाय का, ते तू आधी बघ. लेकरू भुकेलं असलं की आईला प्रार्थना सुचत न्हाई. मंग तिच्या वाटची मी करते, पर तू ऐक.” सगळ्या सभेचं ‘आमेन’ एकदम आलं. त्या दिवशीच्या वक्त्यांचा संदेश चांगला होता, अभ्यासपूर्ण होता. आज त्यातलं एक वाक्य आठवत नाही.

प्रार्थनेनं काय होतं, असं आमची पोरं विचारतात. लूकच्या शुभवर्तमानात न्यायाधीशाचा पिच्छा न सोडणारी विधवा आहे. मला ती नेहमी आत्याबाईंसारखी दिसते. आणि आत्याबाई नुसतं देवाकडे मागून थांबत नाहीत. शुक्रवारी ज्या आजारी बाईचं नाव घेतलं, तिच्याकडे शनिवारी सकाळी भाकरी आणि पिठलं पोचलेलं असतं. माहिती घेऊन प्रार्थना आणि प्रार्थनेतून कृती, हे या दिवसाचं ब्रीद आहे. आत्याबाईंनी ते वाचलेलं नाही.

गाण्यांबद्दल माझं मत सगळ्यांना ठाऊक आहे, तरी पुन्हा लिहिते. रेव्हरंड टिळक याच गावात राहिले, आणि अभंग, भजन, कीर्तन ख्रिस्ती उपासनेत रुजवण्यात त्यांचा मोठा वाटा. त्यांच्या गावात पेटी कोपऱ्यात ठेवून कीबोर्डवर हिंदी कोरस म्हणायचे, हे मला पटत नाही. तरुण मुली टाळ्या वाजवून गातात तेव्हा छान वाटतं, नाही असं नाही. पण सासूबाईंच्या पिढीच्या तीन बाया झांजा घेऊन बसल्या की अख्खं देऊळ डोलायचं. आता झांजा कपाटात आहेत. किल्ली माझ्याकडे आहे. कुणी मागत नाही.

आणि हजेरी! नाताळला बाहेर मांडव घालावा लागतो, या दिवशी मात्र मधले बाक रिकामे. दहावीची परीक्षा याच दिवसांत येते हे मान्य. पण ज्यांची नातवंडंसुद्धा दहावी उरकून बसलीत, त्यासुद्धा परीक्षेचंच कारण देतात. पुरुषमंडळींना ‘हा बायकांचा कार्यक्रम’ वाटतो. चहाच्या वेळी तसं वाटत नाही. २०२१ला करोनामुळे आम्ही घरोघरी फोन कानाला लावून बसलो होतो, तेव्हा नंतरच्या काही वर्षांपेक्षा जास्त बायका हजर होत्या, हे सांगितलं की काहींना राग येतो. येऊ दे.

आता मदतनीस. नावं छापली की एखादं राहतं आणि वर्षभर अबोला होतो, म्हणून नावं देत नाही. ज्याचं त्यानं ओळखावं. पुस्तिकांच्या झेरॉक्स फुकट काढून देणारा दुकानदार भाऊ, कॅथलिक नसूनही सिस्टरांबरोबर पहाटे फुलं आणायला गेलेल्या दोघी जावा, सतरंज्या झटकणारी युवक संघाची मुलं, पेटी वाजवणारे निवृत्त गुरुजी (ऐकू कमी येतं, पण सूर चुकत नाही), पोह्यांना कढीपत्ता घरचा देणाऱ्या पाळकबाई, दानपिशव्या शिवून देणारी आमची शिंपीण, अर्पण मोजायला उशिरापर्यंत थांबलेल्या खजिनदारबाई आणि त्यांना घ्यायला येऊन बाहेर ताटकळलेले त्यांचे मिस्टर. मुक्तिफौजेच्या भगिनींनी डफ आणले होते, तेही. वॉचमनकाकांनी लाइट गेल्यावर स्वतःचा कंदील दिला, तो अजून आमच्याकडेच आहे. रविवारी पोचवते.