पुण्याहून प्रेस्टनला: माझं मिशन

मिशनच्या, म्हणजे चर्चतर्फे धर्मप्रचाराला जाण्याच्या, अर्जात सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तो दातांच्या तपासणीने. आमच्या चर्चचं पूर्ण नाव ‘द चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स’, लोक मॉर्मन म्हणून ओळखतात. अर्जात डॉक्टरांचा अहवाल लागतो, दंतवैद्यांचा लागतो, आपल्या शाखेचे अध्यक्ष मुलाखत घेतात, आणि मग सगळं अमेरिकेतल्या मुख्यालयात, सॉल्ट लेक सिटीला जातं. कुठे जायचं हे आपण ठरवत नाही. पसंतीचा रकानाच नाही. मुलं अठराव्या वर्षापासून दोन वर्षांसाठी जातात, मुली दीड वर्षासाठी, त्याही २०२५ पर्यंत एकोणिसाव्यापासून. मी बी.कॉम. संपवून गेले.

२०१८ मध्ये माझं नेमणुकीचं पत्र आलं, त्याला आमच्याकडे ‘कॉल’ म्हणतात. मोठा पांढरा लिफाफा टपालाने यायचा. त्याच वर्षी पुढे ते ऑनलाइन झालं, म्हणजे लिफाफा फोडण्याची मजा मिळालेल्यांमधली मी बहुधा शेवटची. मला वाटत होतं हैदराबाद किंवा बेंगळुरू येईल. आत होतं ‘इंग्लंड मँचेस्टर मिशन’. प्रेस्टन हे त्यातलंच एक शहर.

आजी म्हणाली, “गोऱ्यांना देव शिकवायला तू जाणार? अगं, हे उलटंच झालं की!” बाबा मी शाळेत असताना बाप्तिस्मा घेऊन चर्चमध्ये आले, आजी मात्र तिच्या विठोबाची ती विठोबाचीच. लग्नाच्या वयात पोरगी कुठे पाठवता, यावरून तिने बाबांशी दोन दिवस अबोला धरला आणि तिसऱ्या दिवशी माझ्यासाठी मेतकूट करायला घेतलं.

उलटं झालं, हे तिचं म्हणणं मात्र अगदी खरं होतं. १८५२ साली ह्यू फिंडले नावाचा आमचा एक स्कॉटिश मिशनरी मुंबईला आला आणि पुढे पुण्यात त्याने छोटीशी शाखाही काढली. ती टिकली नाही. त्याच्या आधी पंधरा वर्षं, १८३७ मध्ये, अमेरिकेतून पहिले मिशनरी ब्रिटनला आले होते, तेही प्रेस्टनलाच. प्रेस्टनमधून जाणाऱ्या रिबल नदीत त्यांनी ३० जुलैला नऊ जणांना बाप्तिस्मा दिला. पहिला मान कोणाचा यावरून दोघं नदीपर्यंत पळत सुटले आणि जॉर्ज वॉट नावाचा तरुण जिंकला. ही गोष्ट आम्हाला तिथे इतक्या वेळा ऐकवली गेली की त्या हरलेल्या माणसाबद्दलच मला जास्त वाटायला लागलं.

व्हिसासाठी क्षयरोगाचा एक्स-रे, धार्मिक कामासाठी जात असल्याची कागदपत्रं, बँकेचे कागद, सगळं झालं. खर्चाचं लोक नेहमी विचारतात. मिशनरीला पगार नसतो. अमेरिकन कुटुंबं तेव्हा महिन्याला ४०० डॉलर भरत. आमच्यासारख्यांनी जमेल तेवढं भरायचं आणि उरलेलं चर्चच्या मिशनरी निधीतून येतं. हातात मिळतो तो महिन्याचा बेताचा किराणा आणि बसभाडं.

प्रशिक्षण केंद्र प्रेस्टनजवळ चॉर्लीला आहे, १९९८ मध्ये बांधलेल्या टेंपलच्या, म्हणजे आमच्या मंदिराच्या, आवारातच. इंग्रजी येत असलेल्यांना तिथे थोडेच आठवडे ठेवतात. सकाळपासून रात्रीपर्यंत वर्ग, आणि वर्गात नाटक: शिक्षकच कधी नास्तिक होणार, कधी नवऱ्याशी भांडलेली बाई होणार, आणि आम्ही जोडीजोडीने जाऊन शिकवायचं. १८२० मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या एका झाडीत चौदा वर्षांच्या जोसेफ स्मिथने, म्हणजे आमच्या चर्चच्या संस्थापकाने, प्रार्थना केली तिथून गोष्ट सुरू होते. ती सांगणं मला जड गेलं नाही. कीर्तनं ऐकत वाढलेल्या मुलीला गोष्ट सांगायला काय लागतं?

अडलं ते पुढे. प्रत्येक पाठाच्या शेवटी समोरच्याला काहीतरी करायला सांगायचं असतं. हे प्रकरण वाचाल का? रविवारी याल का? आणि अगदी लवकर, कधी पहिल्याच भेटीत: तुम्ही अमुक तारखेला बाप्तिस्मा घ्याल का? तारखेसकट. आमची शिक्षिका म्हणायची, “विचार आणि गप्प बस. जो आधी बोलेल त्याने उत्तर द्यायचं असतं.” पुणेकर स्पष्टवक्ते म्हणून प्रसिद्ध आहेत, पण तो स्पष्टपणा ‘येथे वाहने लावू नयेत’ पुरता. दुसऱ्याच्या घरात त्याच्याच खुर्चीवर बसून “तुम्ही आयुष्य बदलाल का?” असं विचारायचं आणि मग दहा सेकंद त्याच्या तोंडाकडे बघत राहायचं, हे आपल्या कुठल्याच संस्कारात बसत नाही. मी प्रश्न विचारून लगेच “म्हणजे, घाई नाही हां” जोडायचे. शिक्षिका टेबलावर पेन वाजवायची आणि पुन्हा पहिल्यापासून.

तिथून प्रेस्टन भागात नेमणूक झाली. साडेसहाला उठायचं, अर्धा तास व्यायाम, आठपासून अभ्यास: आधी एकटीने, मग सोबतिणीबरोबर. मग बाहेर. रात्री नऊ-साडेनऊला घरी, साडेदहाला दिवे बंद. सोबतीण म्हणजे कम्पॅनियन. ती चर्च ठरवतं, आणि तिच्या नजरेच्या, निदान आवाजाच्या टप्प्याबाहेर जायचं नाही. बाथरूम तेवढं सोडून. साधारण सहा आठवड्यांनी ट्रान्सफर येते. कधी ती जाते, कधी आपण. दर सोमवारी तयारीचा दिवस, ‘पी-डे’: कपडे, किराणा, घरच्यांना मेल. टीव्ही नाही, सिनेमा नाही, प्रेमप्रकरण नाही.

पहिली सोबतीण अमेरिकन, युटाची. शेतावर वाढलेली, भलती शिस्तीची. मी एकत्र कुटुंबात वाढल्यामुळे गर्दीत राहायची सवय होती. तिला स्वतःची खोली नसणं पहिल्यांदाच भोगावं लागत होतं. सुरुवातीला ती मला शिकवत होती, नंतर कुकर लावायला मी तिला. तिसरी सोबतीण जर्मन होती आणि तिच्याशी माझं पटलं नाही. भांडण असं कधीच झालं नाही, पण न पटणाऱ्या माणसाबरोबर रोज गुडघे टेकून प्रार्थना करावी लागते, तेव्हा फुगून बसायची सोयच राहत नाही. मिशनमधलं सगळ्यात कठीण काम दारं वाजवणं नाही, हे आहे असं माझं ठाम मत आहे.

दारं अर्थात वाजवलीच. लँकेशायरमधली लाल विटांची, एकाला एक चिकटलेली घरं, समोर तीच ती पायरी, आणि पाऊस. तो आपल्यासारखा कोसळून मोकळा होत नाही, दिवसभर चाळणीतून गाळल्यासारखा पडतो. स्कर्ट घालून त्यात फिरणं म्हणजे शिक्षा. डिसेंबर २०१८ मध्ये सिस्टर मिशनरींना पँट घालायची परवानगी आली, तेव्हा आम्ही दोघी त्याच संध्याकाळी चॅरिटी शॉपमध्ये, म्हणजे वापरलेले कपडे विकणाऱ्या दुकानात, गेलो. त्या वर्षात बरंच काही बदललं. ऑक्टोबरमध्ये चर्चचे तेव्हाचे अध्यक्ष रसेल नेल्सन यांनी ‘मॉर्मन’ हे टोपणनाव सोडा, पूर्ण नाव वापरा असं सांगितलं. दारात उभं राहून ते लांबलचक नाव पूर्ण होईपर्यंत बऱ्याचदा दार लागलेलं असे. फेब्रुवारी २०१९ पासून घरी दर आठवड्याला फोन करता येऊ लागला. त्याआधी फक्त नाताळला आणि मदर्स डेला. आईपेक्षा आजीनेच त्या फोनचा ताबा घेतला.

लोक उद्धट नसत. “फॅन्सी अ ब्रू, लव्ह?” हा तिथला पहिला प्रश्न, ब्रू म्हणजे चहा. आणि आम्हाला चहा-कॉफी, दारू, तंबाखू सगळं वर्ज्य. पुण्यात नातेवाइकांकडे चहाला नाही म्हणायची मला लहानपणापासून सवय होती, त्यामुळे हे मला सोबतिणीपेक्षा चांगलं जमे: नाही म्हणायचं आणि लगेच दुसरं काहीतरी मागायचं, म्हणजे यजमानाचा हात रिकामा राहत नाही. व्हिम्टो हे मँचेस्टरकडचं जांभळं सरबत मी तिथे लिटरच्या हिशेबात प्यायले.

शिकवण्याच्या गोष्टी खूप आहेत, पण तिघांच्याच सांगते.

प्रेस्टनला गुजराती वस्ती बरीच आहे. एका घरात एक बा होत्या. मला पाहताच त्यांनी आत घेतलं, खायला घातलं, आणि मी विचारायच्या आत त्यांनीच विचारलं: लग्न झालं का, पगार किती, आईवडील कसे राहतात एकटे. मी धीर करून विचारलं की हे पुस्तक वाचून प्रार्थना कराल का. “हा, हा, करीश ने!” पुढच्या वेळी आमचा धर्मग्रंथ, बुक ऑफ मॉर्मन, देवघरात, अंबामातेच्या शेजारी, वर कुंकवाचा ठिपका. माझी सोबतीण हरखली. मला मात्र कळलं होतं की इथे पाठ संपला. सगळ्यालाच हो म्हणणाऱ्या माणसाला कसलाच प्रश्न विचारता येत नाही. आम्ही नंतरही गेलो, ढोकळ्यासाठी.

दुसरी, नायजेरियाची एक नर्सिंगची विद्यार्थिनी. ती आमच्याआधी बायबल उघडून बसायची आणि अशा शंका काढायची की रात्री घरी येऊन आम्ही घाबरून अभ्यास करायचो. तिला मी तारीख विचारली तेव्हा दहा सेकंद काय, मिनिटभर ती गप्प होती. मीही. मग म्हणाली, “ती तारीख नको, परीक्षा आहे. पुढचा शनिवार.” बाप्तिस्मा चर्चमधल्या हौदात पूर्ण बुडवून होतो, पांढऱ्या कपड्यांत. शिकवलं आम्ही दोघींनी, पण पाण्यात उतरला एक एल्डर, म्हणजे पुरुष मिशनरी, कारण तो अधिकार पुरुषांकडे असतो. मला हे तेव्हा खटकलं आणि आजही खटकतं. श्रद्धा असली म्हणून खटकणं थांबत नाही.

तिसरे लेलँडचे एक आजोबा, ट्रकच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. प्रेस्टनशेजारच्या या गावाचं नाव अशोक लेलँडमध्ये आहे. आमच्याकडच्या कित्येक एसट्यांवर तुमच्या गावाचं नाव असतं असं सांगितलं तर त्यांना इतका आनंद झाला की पहिला तास इंजिनावरच गेला. एकट्या पुरुषाच्या घरात आम्ही दोघींनीच जायचं नाही असा नियम, म्हणून चर्चमधली एक बाई दर गुरुवारी सोबत यायची. बायको गेलेली. मेल्यानंतरही कुटुंब एकत्र राहतं हा आमच्या शिकवणीचा गाभा, त्यामुळे ते लक्ष देऊन ऐकत. मी विचारलं. गप्प बसले. घड्याळ ऐकू येत होतं. “नाही,” ते म्हणाले. “पण गुरुवारी या.”

इथेच खरी पंचाईत. जो पुढे सरकत नाही त्याला सोडून दुसरा शोधा, अशी रीत आहे; दर आठवड्याला आकडे द्यायचे असतात: किती शिकवले, किती चर्चला आले, किती जणांची तारीख ठरली. आकड्यांशिवाय इतकं मोठं काम चालणार नाही हे मला कळतं. पण आजोबांचा गुरुवार कुठल्या रकान्यात लिहायचा? आम्ही ट्रान्सफर येईपर्यंत जात राहिलो. माझ्यानंतर आलेल्या मुलींनाही त्यांनी इंजिन समजावलं असं कळलं. बाप्तिस्मा नाही घेतला.

जानेवारी २०२० मध्ये परत आले. विमानतळावरून घरी, तिथून चर्चच्या स्थानिक वरिष्ठांकडे. त्यांनी रीतसर ‘रिलीज’ केलं, म्हणजे मिशनमधून मोकळं केलं, आणि मी नावाची काळी पट्टी काढून पर्समध्ये टाकली. दोन महिन्यांत कोरोनामुळे जगभरातले हजारो मिशनरी घाईघाईने मायदेशी परतले, त्यात माझी शेवटची सोबतीणही होती. त्यांनी मग फोनवरूनच शिकवलं. दारात उभं न राहता तो प्रश्न विचारणं सोपं पडतं की अवघड, हे मी तिला विचारलं. ती म्हणाली, अवघड. समोरचा गप्प आहे की नेट गेलंय, तेच कळत नाही.

आता शाखेतल्या एखाद्या मुलीला कॉल आला की तिची आई मला फोन करते. मी सांगते: बूट दोन जोड न्या आणि पुण्यातच घालून चालून बघा, थर्मल मात्र तिथेच घ्या, स्वस्त पडतात. मेतकूट चालतं, लोणच्याची बाटली फुटते.